दारावरची 'इंडक्शन'

गेल्या पावसाळ्यात गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली दोन पोरं आमच्या कॉलनीत इंडक्शन शेगड्या घेऊन आली. "ताई, घ्यायलाच पाहिजे असं नाही, नुसतं बघा." ओट्यावर शेगडी ठेवली, काचेवर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर त्यांच्याच पिशवीतलं पातेलं. पाणी खळखळून उकळलं आणि कागद जसाच्या तसा! सासूबाई हरखल्याच. 4,500 ची वस्तू 1,900 ला, तीही आजच्या दिवसापुरती.

मी म्हटलं, आमची निम्मी भांडी हिंडालियमची, ती इंडक्शनवर चालत नाहीत म्हणे. "ते जुन्या मॉडेलचं, ताई. यावर काहीही चालतं." दाखवलेली शेगडी पिशवीत परत गेली आणि सीलबंद खोका माझ्या हातात आला. पैसे रोख दिले. तो खोका तिथल्या तिथे उघडायला लावायचं सुचलं नाही.

त्या शेगडीवर हिंडालियमचा कुकर खरंच चढला, शिट्ट्याही झाल्या. मी कौतुकाने शेजारणीला बोलावून दाखवलं.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी दूध तापवायला ठेवलं. उतू गेलं तर काच खराब नको, म्हणून त्या पोरांसारखाच खाली पेपर घातला. आधी धूर आला, मग जाळ. पातेलं उचलताना त्यांची बोटं काचेला टेकली आणि टरारून फोड आले. मी प्लग ओढून ओलं फडकं टाकलं.

वायरमन आला, शेगडी चालू करून बघितली आणि म्हणाला, "वहिनी, ही इंडक्शन नाहीच." काच लालबुंद झाली होती. ही इन्फ्रारेड शेगडी, आतली तार तापते आणि तिच्यामुळे काच. इंडक्शनमध्ये तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याचं बूडच तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. म्हणून त्याला लोहचुंबक चिकटेल असंच बूड लागतं. ॲल्युमिनियम ठेवलं की नेहमीची घरगुती इंडक्शन बीप वाजवून गप्प बसते. आमची गप्प बसली नाही, याचाच मला चार दिवस आनंद!

इन्फ्रारेड शेगडी वाईट असते असं नाही, दुकानात त्याच नावाने मिळते. पण बंद केल्यावरही तिची काच बराच वेळ भाजते, हे माहीत असलेला माणूस तिच्यावर कागद घालणार नाही.

वायरमनने मलाही झापलं. शेगडी 2,000 वॅटची, म्हणजे 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, आणि मी ती कन्व्हर्टर लावून मिक्सरच्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालवत होते. प्लग पिवळा पडला होता. 16 अँपिअरचा पॉइंट हवा होता.

खोक्यावर आयएसआयचं चिन्ह होतं, पण त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांकच नव्हता. तो असता तर बीआयएस केअर ॲपवर तपासता आला असता. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. त्यांनी विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल विचारलं. माझ्याकडे होती एक चिठ्ठी आणि बंद पडलेला मोबाइल नंबर.

शेजारणीनेही माझं बघून दुसऱ्याच दिवशी त्याच पोरांकडून एक घेतली होती. तिचे 1,900 आपण भरून द्यावेत का, यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.