रॉकेल की क्लीनर, गिअर ऑइल की स्प्रे: बाईकच्या चेनला नक्की काय करायचं

नवीन बाईक आली किंवा नवं चेन-स्प्रॉकेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं) बसवलं की चेनला लावायचं काय हा प्रश्न येतोच, आणि पाच जणांना विचारलं तर पाच उत्तरं मिळतात, एक म्हणतो गिअर ऑइलशिवाय काही लावू नको, दुसरा म्हणतो ऑइल अजिबात नको स्प्रेच मार, तिसरा वॅक्सवाला. यातला प्रत्येक जण आपल्या बाईकपुरता बरोबर असू शकतो, फक्त त्याची चेन कुठली आणि तो कुठल्या रस्त्यावर चालवतो हे सांगायचं राहून जातं. माझं मत आधीच सांगून टाकतो: रबरी सील असलेल्या, रोज चालणाऱ्या चेनला रॉकेल आणि ९० नंबरचं गिअर ऑइल पुरतं, स्प्रे सोयीसाठी घ्यायचा, आणि या सगळ्या वादापेक्षा चेनचा ताण जास्त महत्त्वाचा आहे, कारण ताण चुकला तर कितीही भारी लूब (वंगण) मारलं तरी चेन वाचत नाही.

आधी आपली चेन कुठली ते बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. बाजूच्या आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मधे बारीक काळी रबराची रिंग दिसत असेल तर ती ओ-रिंग किंवा एक्स-रिंगची, म्हणजे सील असलेली चेन. हिच्यात पिन आणि बुशच्या (पिनभोवतीच्या नळीच्या) मधे कंपनीतच ग्रीस भरलेलं असतं आणि रिंगमुळे ते आत कोंडलेलं राहतं, त्यामुळे आपण बाहेरून काहीही लावलं तरी ते पिनपर्यंत पोचत नाही आणि पोचायची गरजही नसते. आपल्या लूबचं काम एवढंच की रोलर (त्या नळीवर फिरणारी गोल कडी) आणि स्प्रॉकेटचे दात जिथे घासतात तिथे पातळ थर राहावा, रबर कोरडं पडू नये आणि पट्ट्यांना गंज चढू नये. रिंग नसलेल्या साध्या चेनला मात्र आतलं सगळं वंगण आपणच पुरवायचं असतं, म्हणून तिला आत झिरपणारं पातळ काहीतरी हवं आणि ते जास्त वेळा हवं. पट्टीवर ४२८ किंवा ५२० असा आकडा असतो त्यावरून हे कळत नाही, तो साइजचा आकडा आहे, ४२८ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी आणि ५२० म्हणजे १५.८७५ मिमी, सीलचा प्रकार त्याच्या पुढच्या अक्षरांत असतो आणि ती अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी. ज्या छोट्या बाईकना चेनवर पूर्ण बंद कव्हर असतं त्यांना धूळ कमी लागते, तिथे फार विचार करू नका, ऑइल घाला आणि ताण बघत राहा.

आता साफसफाई. इथे तीन पर्याय आहेत, रॉकेल, चेन क्लीनरचा स्प्रे आणि नुसतं फडक्याने पुसणं, आणि तिसरा पर्याय लोक धरतच नाहीत पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा तोच करायचा असतो. चेनवर काळा चिकट राप बसलेला नसेल, नुसती धूळ आणि जुनं ऑइल असेल, तर फडक्यावर थोडं ऑइल घेऊन चेन चारी बाजूंनी पुसली की झालं, दर वेळी धुवायची काही गरज नाही. राप बसला असेल, वाळू किंवा चिखल लागला असेल तेव्हा रॉकेल काढायचं. रॉकेल हळू उडतं, घाण सैल करायला वेळ देतं आणि बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमधे सील असलेल्या चेनसाठी तेच सांगितलेलं असतं. नायलॉनचा मऊ ब्रश घ्या, तारेचा ब्रश रिंगा फाडतो, आणि चेन रॉकेलमधे रात्रभर बुडवून ठेवू नका, लावा, घासा, लगेच पुसून कोरडी करा. क्लीनर स्प्रेचा फायदा म्हणजे पटकन सुकतो, हात कमी भरतात आणि प्रवासात बरोबर नेता येतो, तोटा हा की राप जाड असेल तर अर्धा डबा एका वेळेत जातो. घेताना डब्यावर ओ-रिंगला चालतो असं लिहिलेलं बघा. ब्रेक क्लीनर आणि चेन क्लीनर एक नाही, ब्रेक क्लीनर चेनला मारू नका. पेट्रोल तर नकोच, ते रबर खराब करतं आणि त्याची वाफ शून्याच्या खूप खालच्या तापमानालाही पेट घेते, गरम सायलेन्सरशेजारी उघड्या वाटीत पेट्रोल घेऊन बसणं हा जिवाशी खेळ आहे. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून थेट चेनवर धरला तर पाणी रिंगेच्या आत जाऊ शकतं, तेही टाळा. काहीही वापरलं तरी टायर आणि डिस्क झाका, आणि वापरलेलं रॉकेल गटारात ओतू नका.

लूबच्या बाबतीत खरी तुलना गिअर ऑइल आणि स्प्रेची आहे, वॅक्स त्यानंतर.

गिअर ऑइल म्हणजे घट्टपणाचा एसएई नंबर ८० किंवा ९० असलेलं, बाजारात बहुतेक ८०डब्ल्यू-९० मिळतं. ९० हा आकडा बघून ते खूप घट्ट असेल असं वाटतं पण गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे, ९० नंबरचं गिअर ऑइल घट्टपणात साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच भरतं. एक बाटली खूप दिवस जाते आणि मला त्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते चिकटून बसत नाही, फिरता फिरता जादाचं ऑइल बाहेर फेकलं जातं आणि धूळही थोडीफार बरोबर घेऊन जातं, म्हणून पुढच्या वेळी चेन पुसायला सोपी जाते. तोटाही तोच, फेकलं गेलेलं ऑइल रिमवर, नंबर प्लेटवर आणि मागे बसणाऱ्याच्या कपड्यांवर दिसतं, पावसात लवकर धुऊन जातं, आणि एकेका रोलरवर थेंब टाकत बसायला वेळ लागतो. ऑइल लावल्यावर दहा पंधरा मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने नीट पुसलं तर फेकाफेक बरीच कमी होते, जे लोक ऑइलला नावं ठेवतात त्यातले बरेच जण हे पुसणंच करत नाहीत.

स्प्रेमधे लूब सॉल्व्हंटमधे विरघळवलेलं असतं, म्हणून मारताना पातळ असतं, सगळीकडे शिरतं, आणि सॉल्व्हंट उडून गेला की मागे चिकट थर राहतो. यामुळेच स्प्रे मारून लगेच बाईक काढायची नसते, थर बसायच्या आधीच अर्धं लूब उडून जातं आणि मग लोक म्हणतात स्प्रे टिकत नाही. रात्री घरी आल्यावर चेन गरम असताना मारा आणि सकाळी चालवा. पावसात हा चिकट थर ऑइलपेक्षा बराच जास्त टिकतो, काम पाच मिनिटांत होतं, डबा बॅगेत मावतो, लांबच्या प्रवासाला याच्यासारखं दुसरं नाही. पण कच्च्या रस्त्यावर, बांधकामाच्या धुळीत हाच चिकटपणा उलटतो, बारीक वाळू थरात रुतते आणि ती पॉलिश पेपरसारखी रोलर आणि दात घासत राहते, शिवाय पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमधे हळूहळू काळा गोळा जमतो जो कोणी उघडून बघत नाही. स्प्रे वापरणार असाल तर ते कव्हर अधूनमधून उघडून साफ करायची तयारी ठेवा, आणि मारताना मागे पुठ्ठा धरा म्हणजे टायरवर जाणार नाही.

वॅक्स आणि टेफ्लॉनवाले ड्राय लूब सुकल्यावर कोरडे वाटतात, धूळ कमी पकडतात, चेन दिसायला एकदम स्वच्छ राहते, ज्यांना रिमवर एक डागही चालत नाही त्यांनी हेच घ्यावं. पण चेन आधी खरोखर साफ आणि गरम असायला हवी, जुन्या ऑइलवर वॅक्स मारून उपयोग नाही, आणि जोराच्या पावसात पट्ट्यांवर गंजाची छटा दिसायला लागते त्यामुळे लावायचं प्रमाण वाढवावं लागतं. रोज दूरवर चालवणाऱ्यांसाठी स्कॉटऑइलरसारखे आपोआप थेंब थेंब ऑइल सोडणारे जोडही येतात, काम चांगलं करतात पण रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांना एवढं लागत नाही.

काय लावायचं नाही ते थोडक्यात सांगतो: जळकं इंजिन ऑइल नको, त्यात धातूचे कण आणि आम्ल असतं आणि ते कातडीलाही वाईट. बाहेरून ग्रीसचा लेप नको, तो आत जात नाही नुसती धूळ धरतो. डब्ल्यूडी ४० पाणी हटवायला आणि घाण सैल करायला ठीक, पण लूब म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. नवं इंजिन ऑइल मात्र अडल्यानडल्याला खुशाल चालतं.

म्हणजे निवड अशी करा, धुळीचा रस्ता आणि हातात थोडा वेळ असेल तर गिअर ऑइल, पक्का रस्ता, पाऊस किंवा लांबचा प्रवास असेल तर स्प्रे, साधी बिनसीलची चेन असेल तर धूळ असो नसो ऑइलच. कुठलंही घ्या, लावायची जागा एकच, चेनच्या खालच्या पट्ट्याची (दोन स्प्रॉकेटच्या मधल्या खालच्या भागाची) आतली बाजू, कारण फिरताना वंगण बाहेर फेकलं जातं तेव्हा आतून लावलेलं रोलरमधून जातं आणि बाहेरून लावलेलं थेट हवेत. साधारण ५०० किमीला एकदा आणि प्रत्येक पावसानंतर किंवा धुतल्यानंतर. आणि हे मी जोर देऊन सांगतो, चाक हाताने फिरवा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. इंजिन चालू करून पहिल्या गिअरमधे चाक फिरवत फडकं धरणारे लोक मी बघितलेत, फडकं ओढलं गेलं की बोट स्प्रॉकेटमधे जातं आणि ते परत येत नाही.

आता ताण, स्वतः बघायचा की गॅरेजमधे. गॅरेजच्या बाजूने एवढं की त्यांच्याकडे नट ठरल्या जोराने आवळायचा टॉर्क पाना असतो (असला तर) आणि चाक सरळ बसवायचा हाताला सराव असतो. पण अनेक ठिकाणी चेन वाजते म्हटलं की ती कसून टाइट करून देतात, आवाज बंद होतो आणि गिऱ्हाईक खूश, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. मागचं चाक स्विंगआर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्हटभोवती, म्हणजे तो जिथे फ्रेमला जोडलेला असतो त्या बिंदूभोवती, वरखाली होतं आणि पुढचं स्प्रॉकेट त्या पिव्हटपासून थोडं पुढे असतं, त्यामुळे सस्पेन्शन दबताना पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि मागचा एक्सल (चाकाचा दांडा) एका रेषेत येतात तेव्हा चेनला सगळ्यात जास्त लांबी लागते. ती लांबी ढिलेपणातून येते, ढिलेपणाच नसेल तर खड्ड्यात चेन तारेसारखी ताणली जाते आणि तो भार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो. थोडी सैल चेन वाजते, कव्हरला किंवा स्विंगआर्मला घासते, फारच सैल झाली तर उतरू शकते, ते वाईटच, पण चार पाच मिमी सैल आणि चार पाच मिमी टाइट यात निवडायची वेळ आली तर मी न विचारता सैल निवडेन.

बघायला काहीच लागत नाही, फूटपट्टी पुरते. खालच्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध चेन वर दाबा, खाली ओढा, एकूण हालचाल मोजा. रस्त्यावरच्या बऱ्याच बाईकना २० ते ३० किंवा २५ ते ३५ मिमी सांगितलेलं असतं, उंच सस्पेन्शनच्या बाईकना ३५ ते ४५ किंवा त्याहून जास्त, आणि मेन स्टँडवर मोजायचं की साइड स्टँडवर हेही मॅन्युअलमधे असतं, ते पाळा कारण स्टँड बदलला की आकडा बदलतो. चाक फिरवत चार पाच ठिकाणी मोजा, जिथे चेन सगळ्यात टाइट लागते तिथे आकडा बसवायचा. निदान हे मोजणं तरी प्रत्येकाने स्वतःच करावं असं मला मनापासून वाटतं, मग ॲडजस्ट गॅरेजमधे केलं तरी तुम्ही आकडा सांगून करून घेऊ शकता आणि तिथेच परत मोजू शकता.

स्वतः करायचं असेल तर एक्सल नट सैल करा, दोन्ही बाजूचे ॲडजस्टर सारखेच फिरवा, एका वेळी पाव फेरा. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या आणा पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका, मागे बसून चेनच्या वरच्या पट्ट्यावरून नजर टाका, सरळ रेषा दिसली पाहिजे, स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू चकाकत असेल तर चाक तिरकं बसलंय. नट आवळताना चाक किंचित मागे सरकतं किंवा फिरतं, म्हणून आवळल्यावर परत मोजायचंच. नट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा, टॉर्क पाना नसेल तर एवढं एक काम गॅरेजमधून करून घ्या. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्याने ब्रेकचा रॉड ताणला जातो, पेडलचा फ्री प्ले (ब्रेक लागायच्या आधीची मोकळी हालचाल) परत सेट करा आणि हळू वेगात ब्रेक मारून बघा.

ॲडजस्टर शेवटच्या खुणेला पोचला असेल, किंवा मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या टोकाला चेन हाताने ओढली आणि अर्धा दात उघडा पडला, तर मग कुठलंच लूब आणि कुठलंच ॲडजस्टमेंट उपयोगाचं नाही, चेन बदलायची. दोन्ही स्प्रॉकेटसकट बदला, झिजलेल्या दातांवर नवी चेन फार लवकर खराब होते. चेनच्या जोडाला क्लिप असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते तिकडे ठेवा. आणि नव्या सेटचा ताण पहिल्या काही शे किमीतच परत मोजा, सुरुवातीला चेन बसताना जरा सैल होतेच.