साडेतीनशेचा मल्टीमीटर, अकरा महिने वापरून: वायरी आखूड आहेत, बाकी नंतर बोलू

मीटरसोबत (व्होल्ट-करंट मोजायचं हे छोटं यंत्र) ज्या लाल-काळ्या वायरी येतात त्या जेमतेम अडीच फुटांच्या आहेत. हे पहिल्यांदा सांगतो, कारण अकरा महिन्यांत या वायरींनी माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं गाडीनेही खाल्लं नाही. घरातला बोर्ड तपासायला अडीच फूट पुरतात. पण पिकअपची बॅटरी बॉनेटखाली आणि चावी केबिनमध्ये. एक टोक बॅटरीला धरलं की दुसरं मधल्या पत्र्यापाशीच संपतं. बनवणाऱ्याने दोन रुपयांची वायर जास्त घातली असती तर त्याचं काय दिवाळं निघालं असतं?

आता हा मीटर घ्यायची वेळ का आली ते. गाडी २००८ची, डिझेल, मेकॅनिकल पंपाची. कॉम्प्युटर नाही, त्यामुळे स्कॅनर लावून कोड वाचायची सोय नाही. नारायणगावहून टोमॅटो भरायचे, माळशेजमार्गे वाशी मार्केट गाठायचं आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचं. गेल्या एप्रिलात परत येताना घाटाच्या चढाला गाडी बंद पडली. गचके नाहीत, धूर नाही, कुणीतरी चावी काढून घेतल्यासारखी गप्प. मागे एसटी. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंपही बंद. ब्रेक दोनदा लागला, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं. पोराने उडी टाकून चाकामागे धोंडा लावला म्हणून निभावलं. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर पहिल्या झटक्यात चालू!

त्यानंतर महिनाभर तोच खेळ. कधी आठवड्यातून दोनदा, कधी आठवडा सगळा सुना. गॅरेजात नेली की मात्र शहाण्यासारखी चालायची. दात दुखतो म्हणून दवाखान्यात जावं आणि खुर्चीत बसताच ठणका थांबावा, त्यातली गत. ‘डिझेलमध्ये एअर घेतेय’, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरतेय, असं निदान झालं. फिल्टर बदलला, टाकी उतरवून धुतली, पाइपाचे वॉशर नवे टाकले. निदान अगदीच हवेतलं होतं असंही नाही, कारण भरलेली गाडी घाट उतरताना अधूनमधून नुसता एक गचका द्यायची आणि परत उचलायची. एअर घेणारी गाडी असंच करते. पुढचा सल्ला डिझेलचा पंप खोलायचा आला. खर्च चौदा हजार. त्या संध्याकाळी मी साडेतीनशे रुपये टाकून हा पिवळा मीटर घरी आणला.

पहिला महिना माझं मत एकच होतं: पैसे पाण्यात. बंद गाडीवर बॅटरी १२.६ व्होल्ट. चालू गाडीवर १४.१. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून मोजली, चावी ऑन ठेवून, तर १२.५. (हा सोलेनॉइड म्हणजे डिझेलचा दरवाजा. त्याला करंट आहे तोवर दरवाजा उघडा. करंट गेला की स्प्रिंग तो बंद करते आणि गाडी झोपते. चावी ऑन केली की पंपाजवळ जो ‘टक’ आवाज येतो तो याचाच.) म्हणजे मीटरच्या मते सगळं ठणठणीत. वायरिंगवाला पोरगा म्हणाला, “दादा, करंट येतोय की. वायरिंगचा काय दोष?” मलाही पटलं. मीटर सीटखाली गेला.

डोळे उघडले ते आमच्याकडच्या एका जुन्या वायरिंगवाल्या काकांनी. म्हणाले, “मीटर करंट खातो किती? नसल्यासारखाच. केसाएवढी एक तार शाबूत असली तरी तो बारा दाखवणार. बल्ब लाव. बल्बला पोट आहे.” काढलेल्या वायरीवर मी मोजलं होतं म्हणजे भूक नसलेल्या माणसापुढे ताट ठेवून विचारलं होतं, पुरेल ना? इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. कुजलेली वायर तिथे लगेच उघडी पडते.

चालत्या गाडीसाठी काकांनी ५ वॅटचे दोन बल्ब होल्डरसकट डॅशबोर्डवर टांगायला लावले. एकाला करंट चावीच्या स्विचमधून बाहेर पडतो तिथून, दुसऱ्याला सोलेनॉइडच्या टोकावरून. गाडी बंद पडेल तेव्हा बल्बांकडे बघायचं, बस्स. पहिला पेटलेला आणि दुसरा विझलेला, तर मधली वायर किंवा फ्यूज. दोन्ही पेटलेले, तर सोलेनॉइड नाहीतर खरोखरच डिझेल. दोन्ही विझलेले, तर चावीपाशी.

आठ दिवस दोन्ही बल्ब गणपतीतल्या तोरणासारखे पेटलेले. भाजीवाले विचारायचे, नवस बोललाय का? नवव्या दिवशी माळशेज उतरताना गचका बसला, आणि त्याच क्षणी दोन्ही बल्ब विझून पेटले. एअर कसली अन् काय! गाडी गियरमध्ये, उतारावर, चाकं इंजिनाला फिरवत होती. म्हणून करंट जाऊन आला तरी ती आपोआप उचलायची. चढाला तेवढाच करंट गेला की जागेवर ठप्प.

तेव्हा मला एप्रिलचं आठवलं. चावी ऑन असताना इंजिन मेलं तर डॅशवर ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा लागायलाच हवा. त्या दिवशी घाटात एकही दिवा लागला नव्हता. हेडलाइट लागतात बघून सगळे, मीसुद्धा, ‘करंट आहे’ म्हणत बसलो. हेडलाइटचा करंट माझ्या गाडीत चावीतून येतच नाही. तो लाल दिवा न लागणं तेव्हाच ध्यानात आलं असतं तर टाकी धुवायचे पैसे वाचले असते. त्या पैशांचा विचार आला की अजून जेवण गोड लागत नाही.

इथून मीटरबद्दलचं मत बदलतो. वर ‘पैसे पाण्यात’ लिहिलंय ते खोडत नाही, पण चूक माझ्या मोजण्याची होती. जुन्या इस्त्रीची पाच मीटर वायर घेऊन मी एका पिनला जोड दिला. मीटर करंट ओढत नाही, त्यामुळे वायर लांबवली तरी आकडा बदलत नाही. गाडी चालू ठेवून लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी स्विचच्या बाहेरच्या टोकाला. आता मीटर एकूण व्होल्ट न दाखवता वाटेत गळालेले व्होल्ट दाखवतो. हा आकडा ०.१-०.२ व्होल्टच्या आसपास हवा. माझा २.३. चावी बोटाने हलवली तर ०.६, मग ५, मग परत २. आकडा नुसता नाचत होता. स्विचमध्ये शिरणाऱ्या वायरीवर मोजलं तर ०.१. म्हणजे चोर स्विचच्या आत किंवा त्याच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी स्विचला जोडणाऱ्या प्लगमध्ये.

कपलर ओढला तर चोर दोन्हीकडे. एक पिन तापून काळीनिळी झालेली, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक करपलेल्या पोळीसारखं, आणि स्विचचा आतला कॉन्टॅक्ट झिजलेला. कारणही हातातच लोंबकळत होतं: जुडग्याचं वजन. माझ्या जुडग्यात गाडीची चावी, शेडची, मोटारीच्या पेटीची, घराची, दोन कसल्या ते मलाही माहीत नाही, आणि वर पितळी घंटा. किराणाच्या काट्यावर ठेवला तर पाव किलोला थोडासाच कमी. अमेरिकेत २०१४ मध्ये जनरल मोटर्सने इग्निशन स्विचपायी लाखो गाड्या परत बोलावल्या, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत रिंगमध्ये नुसती गाडीची चावी ठेवा असं कंपनीनेच सांगितलं होतं. आमच्या घंटेला तिकडचीही साक्ष मिळाली.

नवा स्विच, कपलरच्या पिना, मजुरी धरून ७८० रुपये. नंतरचा आकडा ०.१५. दहा महिने झाले, गाडी वाटेत एकदाही झोपली नाही.

तरी मीटरला पूर्ण मार्क देत नाही. ऑगस्टमध्ये चालू गाडीवर एकदम १६.४ व्होल्ट दाखवायला लागला. मी रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरतो तो) घ्यायला दुकानात पोचलोसुद्धा. दुकानदाराने विचारलं, मीटरचा सेल कधी बदलला? आतला ९ व्होल्टचा सेल उतरला की हा आकडे चढवून सांगतो. नवा सेल टाकल्यावर १४.२. कोपऱ्यात सेल उतरल्याचं बारीक चित्र येतं म्हणे. मला चष्मा लावूनही शोधावं लागलं. आणि १० अँपिअरच्या भोकात पिन ठेवून बॅटरीला लावू नका. माझ्या मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूज नाही, सरळ शॉर्ट होतो. पिनेचं टोक वितळलंय ते तसंच वापरतोय.

बाकी वायरींचं रडगाणं होतं ते गेल्या आठवड्यापर्यंत मिटलं होतं. शेजारच्या अण्णांनी विहिरीवरच्या मोटारीसाठी मीटर मागून नेला. चार दिवसांनी परत आला, पुसून, डबीत घालून. इस्त्रीची पाच मीटर वायर तेवढी कापलेली. विचारलं तर म्हणाले, “तुझ्या मीटरच्या त्याच्या त्याच्या वायरी आहेत की, अडीच फुटांच्या. ही जास्तीची होती ना?”