"नेट गेलं तरी नेट चालू" म्हणत बाबांना डायल-अप मोडेम विकला, तुमच्या घरच्यांना सावध करा

पुण्यात सहकारनगर, पद्मावती, बिबवेवाडी या साइडला कोणाचे आईवडील राहत असतील तर हे जरा नीट वाचा. एक माणूस सोसायट्यांमधून फिरतोय आणि ब्रॉडबँडला बॅकअप म्हणून डायल-अप मोडेम बसवून देतोय. हो, डायल-अपच, फोनच्या लाइनवरून नंबर फिरवून नेट जोडणारा, तो खर्रर्र कुईं करणारा. आमच्या बाबांना बसवून दिला. साडेसहा हजार रोख घेतले आणि वर दर महिन्याला ९९९ आपोआप कापले जातील अशी सोय बाबांच्याच मोबाइलवर बाबांच्याच हाताने करून घेतली. त्याने सांगितलेलं नाव आणि कंपनी दोन्ही खोटं निघालं त्यामुळे ते लिहून काही उपयोग नाही, पद्धत लिहिते.

आईबाबांकडे फायबरचं कनेक्शन आहे. चांगलं चालतं, पण त्यांच्या गल्लीत रस्ता सारखा खोदलेला असतो, कधी पाइपलाइन कधी ड्रेनेज, आणि जेसीबीवाल्याला केबल दिसत नाही, किंवा दिसते पण काय फरक पडतो. त्यात गुरुवारी लाइट जाते हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. दादा परदेशात, त्याचा व्हिडिओ कॉल, आईचा ऑनलाइन गाण्याचा क्लास, बाबांचे शेअर, सगळं त्या एका वायरवर. तर नेट गेलं की घरात नुसती चिडचिड, आणि बाबा खाली वॉचमनपाशी जाऊन "अजून किती वेळ" विचारणार, जसं काही वॉचमननेच केबल तोडलीय. माझा अंदाज असा की या माणसाला घरं तिथूनच कळतात. वॉचमनला चहा पाजायचा आणि विचारायचं, इथे नेटवरून कोण कोण कटकट करतं.

तो आला तो एकदम व्यवस्थित. गळ्यात आयकार्ड, पाठीवर सॅक, बूट बाहेर काढून आत आला (आईवर इम्प्रेशन तिथेच पडलं). म्हणाला काका, मी तुमच्या नेटवाल्यांकडून नाही, मी बॅकअपवाला. आणि मग एकच वाक्य टाकलं, "काका, तुम्हाला आठवत असेल, लाइट गेली तरी लँडलाइन चालू राहायची." बाबांना आठवणारच ना. खरं वाक्य आहे ते, म्हणून तर काम करतं. जुन्या लँडलाइनची तांब्याच्या तारांची जोडी घरात यायची तिला साधारण ४८ व्होल्ट टेलिफोन एक्सचेंजमधून मिळायचे, तिकडे बॅटऱ्या आणि जनरेटर असायचे, त्यामुळे पेठेत अंधार असला तरी फोनला डायल टोन असायचा. तेव्हा कोणी लॅपटॉपला मोडेम लावून डायल-अपचा बॅकअप ठेवला असता तर ते शहाणपणाचंच होतं.

बाबांची पिढी डायल-अपमधून गेलेली. १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने देशात इंटरनेट सुरू केलं, आमच्याकडे ते नंतर काही वर्षांनी आलं, आणि रात्री लाइन मोकळी मिळते म्हणून बाबा जागून दादाच्या ॲडमिशनचे ईमेल बघायचे, मध्येच आत्याचा फोन आला की सगळं तुटायचं. या माणसाला हे सगळं माहिती होतं, म्हणजे बाबांचं नाही पण त्या वयाच्या कोणाचंही. त्याने बाबांना बोलू दिलं. आई म्हणते अर्धा तास तर बाबाच बोलत होते, तो फक्त "हो काका, बरोबर काका" करत होता.

मग डेमो. आता हा भाग नीट वाचा.

सॅकमधून छोटा यूएसबी मोडेम काढला, बाबांच्या लॅपटॉपला लावला. आमच्या फायबरच्या डब्याला मागे फोनचा एक पोर्ट आहे, त्यावर लँडलाइन चालते, नंबर जुनाच ठेवलाय. ती फोनची वायर काढून मोडेममध्ये घातली. मग म्हणाला बघा काका, आता मेन नेट मी बंद करतो म्हणजे तुमची खात्री पटेल, आणि फायबरच्या डब्याचा स्विच भिंतीवरून बंद केला. लॅपटॉपवर काहीतरी क्लिक केलं, खर्रर्र कुईं टिंग टिंग सगळा तो आवाज आला, बाबा म्हणे अक्षरशः खुर्चीतून पुढे सरकले, आणि "कनेक्टेड" आलं. मराठी पेपरची साइट उघडून दाखवली, फोटोसकट. ईमेल उघडलं. बाबांनी साडेसहा हजार काढून दिले. मग "लाइफटाइम अकाउंट ॲक्टिव्हेट करायला फक्त एक रुपया" असं सांगून मोबाइलवर यूपीआय पिन टाकायला लावला. निघताना लॅपटॉपवर एक रिमोटने कंट्रोल करायचं ॲपही टाकून गेला, सपोर्टसाठी म्हणे.

मला हे फोनवर कळलं तेव्हा मी वाकडला, ऑफिसच्या कॉलमध्ये, हं हं केलं फक्त. पुढच्या वेळी नेट गेलं तेव्हा बाबांनी मोठ्या उत्साहाने मोडेम लावला आणि एरर ६८०, डायल टोन नाही. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला "लाइन गार असेल काका, अर्ध्या तासाने बघा." लाइन गार! दुसऱ्यांदा फोन केला तर उचललाच नाही आणि नंतर नंबर स्विच ऑफ.

रविवारी मी गेले. नेट तेव्हा चालू होतं. मी काय केलं, मोडेमबिडेम बाजूला ठेवला, वायर परत साध्या फोनमध्ये घातली, रिसीव्हर कानाला लावला, डायल टोन होता. मग फायबरच्या डब्याचा स्विच बंद केला, अगदी त्याने केला तसा. रिसीव्हर ठार बंद. टोन नाही, खरखर नाही, काही नाही. बाबांच्या हातात रिसीव्हर दिला. ते काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले "अगं पण मग त्याचं कसं चाललं?"

तेच तर. ज्या फोनवरून तो डायल करत होता तो फोन त्याने स्वतःच्या हाताने बंद केला होता. फायबरवर लँडलाइन वेगळी नसतेच, तुमचा आवाज डेटा होऊन त्याच काचेच्या तंतूतून जातो, आणि तो फोनचा पोर्ट डब्याच्या वीजेवर चालतो. डबा बंद तर फोन बंद, केबल तुटली तर फोन बंद. म्हणजे बॅकअप कशाला, तर ज्या वायरला बॅकअप पाहिजे तिचाच बॅकअप तीच वायर.

मग चाललं कसं, तर लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन पूर्वी जोडलेल्या नेटवर्कची यादी काढली. घरचं वायफाय, माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट, दादा आला होता तेव्हाचं त्याचं, आणि एक चौथं, कुठल्यातरी मोबाइल मॉडेलच्या नावाचं, जे आमच्या घरात कोणाकडेच नाही. हॉटस्पॉट त्याच्या खिशात चालू होता, लॅपटॉप त्यावर जोडला, पेपर तिथून उघडला. आणि तो खर्रर्र कुईं आवाज? डाउनलोडमध्ये एक ऑडिओ फाइल सापडली. मी वाजवली तर आई आतून म्हणाली "चालू झालं का गं?"

खरं तर पेपरची साइट फोटोसकट पटकन उघडली तिथेच कळायला हवं, पण ते डायल-अप वापरून पंचवीस वर्षं झाल्यावर कोणाच्या लक्षात राहतं. ५६ के मोडेम म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५६ हजार बिट, अपलोड त्याहून कमी, ३३.६ हजार, आणि लाइनवर प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे सेकंदाला साधारण पाच किलोबाइट. आजचं दोन एमबीचं एक पान उघडायला सहा-सात मिनिटं. १०० एमबीपीएसचं कनेक्शन याच्या जवळजवळ अठराशे पट. दादाचा व्हिडिओ कॉल तर विसराच. फायबरच्या फोन पोर्टवरून तर तेवढंही नाही, कारण तिथला आवाज पाकिटांमध्ये तोडून, बऱ्याचदा दाबून पाठवतात, माणसाच्या बोलण्याला चालतं ते मोडेमच्या सुरांना चालत नाही, दोन मोडेमची सुरुवातीची जुळवाजुळव, म्हणजे हँडशेक, अर्ध्यात फसतो किंवा कसाबसा जुळून तुटतो. आणि मुख्य म्हणजे पलीकडे उचलायला कोणाचा तरी मोडेम लागतो ना, म्हणजे डायल-अप देणारी कंपनी. त्याने लॅपटॉपमध्ये जो नंबर भरून ठेवला होता तो मी डबा चालू करून साध्या फोनवरून फिरवला तर "हा क्रमांक अस्तित्वात नाही". लाइफटाइम अकाउंट!

मोडेम खरा आहे बरं का. असले जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किरकोळ पैशात मिळून जातील.

आता जास्त महत्त्वाचं, ते एक रुपयाचं. तो एक रुपया नव्हता, यूपीआय ऑटोपेचं मॅन्डेट होतं, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची कायमची परवानगी, दरमहा ९९९. एकदा पिन टाकून मंजूर केलं की १५ हजारांपर्यंतच्या हप्त्याला परत पिन विचारत नाहीत, आपोआप कापतात. कापायच्या आधी मेसेज येतो, बाबांनाही आला होता, पण त्यांच्या मोबाइलवर दिवसभर कर्ज घ्या, कार्ड घ्या असे इतके मेसेज येतात की त्यात तो गेला. एक हप्ता गेलेला होता. मी ॲपमध्ये ऑटोपेच्या भागात जाऊन रद्द केलं, तिथे सगळी चालू मॅन्डेट दिसतात, तुमच्या आईवडिलांच्या मोबाइलमध्ये एकदा उघडून बघाच. आमच्याकडे दुसरं एक भलतंच सापडलं, कुठल्यातरी कुंडलीच्या ॲपचं, ते आईचं, तिचं म्हणणं तिने काही दाबलंच नाही. असो.

मग १९३० ला फोन केला. सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पैसे गेल्यावर जितक्या लवकर कराल तितकं बरं कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आधी अडवता येतात. आम्ही उशिरा केला त्यामुळे फार आशा नाही, पण तक्रार नोंदली आणि नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवरही भरली. बँकेत मात्र ऐकून घ्यावं लागलं, की पिन तुम्हीच टाकलाय, मग आम्ही काय करणार. रोख दिलेल्या साडेसहा हजारांची पावती होती पण त्यावर जीएसटी नंबर म्हणून जे लिहिलं होतं ते १५ अक्षरांचंसुद्धा नव्हतं, पोर्टलवर काय शोधणार कपाळ. रिमोटचं ॲप उडवलं, बाबांचे बँकेचे आणि डीमॅटचे सगळे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलले. हे आधी करा, पैशाचं नंतर बघा.

आता बॅकअप कसा केला ते सांगते कारण बरेच जण तेच विचारतात. आमची अर्धी भानगड नेटची नव्हतीच, लाइटची होती. तापकीर गल्लीतून (इलेक्ट्रिकच्या सामानाचा बाजार) राउटरचा छोटा यूपीएस आणला, म्हणजे लाइट गेली की चालणारी बॅटरी. डब्याच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या, बऱ्याच डब्यांना १२ व्होल्ट असतात पण गृहीत धरू नका, आणि डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज लागेल हे लक्षात ठेवा. केबल तुटली तर सिम घालायचा फोरजी राउटर, त्यात वेगळ्या कंपनीचं सिम, पण आधी त्या कंपनीला घरात रेंज येते का बघून. दुसरं ब्रॉडबँड घ्यायचा विचार होता पण दोन्ही कंपन्यांच्या वायरी खालच्या त्याच एका खांबावर लोंबकळताना दिसल्या, मग कशाला.

आणि कोणी घरी येऊन कुठल्याही नेटचा डेमो दाखवत असेल तर आधी लॅपटॉपचं वायफाय बंद करा, विमान मोड टाका, ब्लूटूथ बंद, आणि मग म्हणा दाखवा. आमचा शेजारी आयटीतला आहे, तो म्हणाला की हे एवढं केलं असतं तर माणूस बूट घालून निघाला असता.

बाबा आता हसतात त्यावर, पण चारचौघात विषय काढलेला आवडत नाही, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी कृपया त्यांच्यापुढे काही बोलू नका. मी हे आत्ता लिहितेय कारण बिबवेवाडीतल्या मावशीच्या सोसायटीत असाच एक जण येऊन गेला, वर्णन तेच, सॅक तीच, फक्त आता भाव साडेआठ हजार आणि नाव "फाइव्हजी डायल-अप". मावशीने यजमान बाहेर गेलेत सांगून घालवलं. त्याने परत येतो सांगितलंय, तिथल्या सेक्रेटरींनी गेटवरच्या रजिस्टरमधल्या त्याच्या नोंदीचा फोटो काढून ठेवलाय आणि वॉचमनला सांगितलंय की आला की आधी चौकीला फोन. तुमच्याकडे आला तर तुम्हीही तेच करा, आणि शक्य झालं तर कोणत्या नंबरवरून एक रुपया मागतो तो टिपून ठेवा, आमच्या तक्रारीला जोडता येईल.