खो-खोच्या मुलींसाठी शिवून घेतलेला थंडीचा सेट

आमच्या शाळेच्या खो-खो संघासाठी यंदा साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूच्या एका दुकानातून थंडीचा सेट शिवून घेतला. चेनवाला ट्रॅकसूट, आतून घालायचा पूर्ण बाह्यांचा इनर, कानटोपी आणि बफ, म्हणजे गळ्यात घालून नाकापर्यंत ओढता येणारी कापडी नळी, सगळं मिळून एका मुलीमागे चौदाशेच्या आसपास पडले. दुकानाचं नाव इथे टाकत नाही. चेनबद्दलचं माझं गाऱ्हाणं अजून त्यांच्याकडे पडून आहे, आणि ते मिटवायला माणसाला सवड द्यावी. वस्तूंबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण थंडी पडायला लागली की पालकांचं एकच सुरू होतं: मॅडम, स्वेटर कुठला घेऊ? जाडच घेऊ ना?

जाड घेऊ नका. निदान खेळायला तरी नको.

खो-खोत थंडी पळताना लागत नाही, बसल्यावर लागते. नऊ जणींपैकी आठ जणी चौरसात बसलेल्या आणि एक पाठलागावर. दोन-चार खो मिळून गेले की पाठ घामाने भिजते, आणि मग पुढचा खो येईपर्यंत दवाने ओल्या झालेल्या मातीला हात टेकून उकिडवं बसून राहायचं. पळतीच्या मुलींचं तर आणखी अवघड. त्या तिघी-तिघींच्या तुकडीने आत जातात. तिसऱ्या तुकडीला आपला नंबर दोन मिनिटांनी लागणार की सात, याचा काही पत्ता नसतो, आणि लागला की पहिल्या पावलापासून जीव तोडून पळायचं. मांडीचा मागचा स्नायू धरतो तो अशाच वेळी. म्हणून थंडीचा कपडा मी एकाच कसोटीवर बघते: घाम आल्यावर पोर पाच मिनिटं गप्प बसली, तर त्या कपड्यात तिला हुडहुडी भरते का?

या कसोटीला सगळ्यात आधी नापास होते ती सुती हूडी, जी आज प्रत्येक पोरीकडे आहे. दिसायला झकास, घातल्या घातल्या उबदार, आणि अर्ध्या तासात अंगावर ओलं पोतं. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. ओला कपडा अंगातली ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर ओढून घेतो, त्यात वारा असला की संपलंच. पारा शून्याखाली जायची काही गरज नाही. साताऱ्यात दहा-बारा अंशांची सकाळ, भिजलेली बनियन आणि वाऱ्याची झुळूक, एवढ्यावर एखादी किडकिडीत पोर थडथडायला लागते.

दुकानात पहिल्यांदा मला आतून लव असलेला जाड 'थर्मल' दाखवला. लेबलवर बघितलं तर अर्ध्याहून जास्त सूत. मी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, त्याच्या एका कोपऱ्यावर थोडं पाणी ओतलं, आणि शेजारी पडलेल्या पातळ पॉलिएस्टरच्या तुकड्यावरही तेवढंच ओतलं. शिलाईवाले मास्तर म्हणाले, "मॅडम, माल खराब कराय लागलाय." म्हटलं, पैसे लावा त्याचे, पण जरा थांबा. पॉलिएस्टरवरचं पाणी पसरलं, पंख्याखाली बघता बघता उडालं. जाड कपड्याचा कोपरा आम्ही मापं घेऊन संपवली तरी गार आणि ओला. मास्तरांनी दोन्ही कापडं बोटांत धरून बघितली आणि मग आपणहून म्हणाले, "मग आत पातळ आणि वर वारा अडवणारं, असंच करू." दुकानदार ऐकून घेणारा असला की अर्धं काम होतं. या दुकानाला मी चांगलं म्हणते ते मुख्यतः एवढ्यासाठी.

इनर उत्तम निघाला. अंगाला लागून बसतो, काखेत काचत नाही, रात्री धुऊन दोरीवर टाकला की सकाळी कोरडा. वास मात्र धरतो, पॉलिएस्टरचा तो दोष आहेच. सामन्याच्या जर्सीखाली तो चालेल का, हे त्या त्या ठिकाणी पंचांना आधी विचारून घ्यावं. आजीने विणलेला लोकरीचा स्वेटर मी कुणाला टाकून द्यायला सांगत नाही. लोकर दमट झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. खेळ संपल्यावर, कोरड्या कपड्यावर घालायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त तो घालून सूर मारू नये.

ट्रॅकसूटला टोपी नको आणि नाड्याही नकोत, हे मी आधीच बजावलं होतं. पाठलाग करणारीची बोटं मागे लोंबणाऱ्या टोपीत अडकतात, गळ्याला हिसका बसतो. मफलरलाही मैदानात बंदी आहे, ती याच कारणासाठी. पँटच्या पायाला पोटरीपर्यंत चेन लावून घेतली, म्हणजे बूट न काढता पँट उतरते आणि चढते. ही या सेटमधली सगळ्यात कामाची गोष्ट. नाहीतर होतं काय, डाव संपला की पोरी "बूट कोण काढत बसणार" म्हणून तशाच घामेजलेल्या उभ्या राहतात. आता शिट्टी वाजली की धापा टाकत का होईना, पँट चढवतात. वॉर्म-अपही ट्रॅकसूट अंगावर ठेवूनच करायचा आणि कपाळावर घाम दिसला की काढायचा. उन्हाळ्यात आमचा वॉर्म-अप दहा मिनिटांत उरकतो. थंडीत वीस लागतात: हळू धावणं, मग गुडघे उंच, मग बाजूला सरकणं, मग छोट्या झेपा. थंड अंगाने पाय ताणून धरून बसणं मी बंद केलंय. ते ताणणं शेवटी, अंग गरम असताना.

वारा अडवायचं अस्तर खरं कामाला आलं पाचगणीला. तिथल्या एका शाळेत सामने होते. खाली साताऱ्यात वारा पडलेला असला तरी टेबललँडच्या पठाराला वाऱ्याला आडोसा असा नाहीच, आणि त्या दिवशी तर धूळ तोंडावर येत होती. दुसऱ्या एका संघातली पोर डाव संपवून कडेला आली. अंगावर भिजलेली जर्सी, वर काही नाही. बुटाची नाडी सोडायला खाली वाकली आणि तिला ती सुटेचना. गाठ साधीच होती, पण बोटं ऐकत नव्हती. तिच्या मैत्रिणी हसत होत्या. मी त्यांच्या सरांना हाक मारली, कारण हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नव्हे. बोटांतलं बारीक काम जमेनासं होणं ही अंग गार पडत चालल्याची अगदी सुरुवातीची खूण. त्यांनी लगेच तिला भिंतीच्या आडोशाला नेलं, ओली जर्सी काढून कोरडं घातलं, आमच्याकडची एक जादा कानटोपी दिली, गरम गोड दूध पाजलं. थोड्या वेळात पोर बडबडायला लागली. हात चोळू नयेत, शेकोटीवर धरू नयेत. बधिर कातडीला चटका कळत नाही. आणि उलट बोबडं बोलायला लागली, अडखळायला लागली, किंवा इतका वेळ थरथरत होती ती थंडी तशीच असताना अचानक थरथरायची थांबली, तर दूधबीध राहू द्या, गाडी काढा आणि दवाखाना गाठा. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि तो फक्त हिमालयात होतो असं नाही.

कानटोपीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ठीक आहे, कान झाकते. निम्मी ऊब डोक्यातूनच जाते असं पालक मला ऐकवतात, ते खरं नाही. उघडं राहील त्या भागातून ऊब जाते, डोकं असो की पोटऱ्या.

बफ मात्र मी फॅशन म्हणून टाळणार होते, तो एका मुलीच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतला. तिला दमा आहे. थंड, कोरडी हवा तोंडाने भराभर ओढली की श्वासनलिका आखडतात, छातीत शिट्टी वाजते. धावण्याने होणारा खोकला म्हणजे "सर्दी झालीय" असं घरी धरून चालतात आणि पोर मैदानातून बाद होते. नाकावर बफ ओढला की श्वास जरा गरम आणि दमट होऊन आत जातो. तिचा इन्हेलर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, खेळण्याआधी घ्यायचा, आणि तो पिशवीत न ठेवता माझ्या खिशात असतो. गारठलेला पंप नीट फवारत नाही. बफचं कापड चांगलं आहे, शिवण गळ्याला टोचत नाही. फक्त एकाच मापाचे दिल्याने पाचवी-सहावीच्या मुलींच्या नाकावरून घसरतात.

आता गाऱ्हाणी. चेन भिकार आहे. दोन-तीन धुण्यांतच दात सुटायला लागले, आणि वारा अडवणाऱ्या जॅकेटची चेनच लागत नसेल तर त्या अस्तराला काय चाटायचंय? बदलून देतो म्हणाले आहेत, बघू. बाह्या उंच मुलींना आखूड झाल्या. मापं मी स्वतः दिली होती, कागद माझ्याकडे आहे. आणि पाठीवरची चमकणारी पट्टी. ती मी हट्टाने लावून घेतली होती, कारण मुली पहाटे अंधारात सायकलवर येतात. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी ऊन आणखी उशिरा उतरतं, आणि त्यात धुकं. उसाचा हंगाम सुरू असतो, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर, कित्येकांना मागे दिवाही नाही. अशा रस्त्यावर थंडीपेक्षा मला याची धास्ती जास्त. ती पट्टी चिकटवलेली निघाली, शिवलेली नाही. पहिल्या इस्त्रीला कोपरे उचलले. पुढच्या वेळी शिवूनच घेणार. रंगाचं गाऱ्हाणं दुकानदाराचं नाही, मुलींचं: त्यांना काळाच हवा होता, मी पोपटी घेतला. आठवडाभर रुसवा चालला.

रुसव्यावरून आठवलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचीच. आमच्या पोरींनी ते सामने मोबाइलवर इतक्यांदा बघितलेत की चाली पाठ आहेत. इनर घालायला सांगितला की उत्तर तयार: "मॅडम, दिल्लीच्या थंडीत त्या नुसत्या जर्सीवर खेळल्या की!" खेळल्या, पण इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये, मॅटवर, छपराखाली. आपल्याकडे छप्पर आभाळाचं आणि मॅट मातीची. एवढं बोललं की इनर चढतो.

कुठलाच सेट सोडवू शकत नाही अशी एक गोष्ट आहे, ती पालकांनी लक्षात घ्यावी. थंडीत तहान कमी लागते, पण घाम जातच असतो आणि श्वासावाटेही पाणी जातं. मुली तरीही पाणी पीत नाहीत, आणि त्याला थंडीपेक्षा मोठं कारण म्हणजे मैदानाजवळ मुलींसाठी धड स्वच्छतागृह नसणं. पाणी प्यायलं तर जायचं कुठे? मग पायात गोळे येतात आणि आपण थंडीला दोष देतो. घरून कोमट पाण्याची बाटली द्या आणि ती रिकामी परत आली का ते बघा. स्वच्छतागृहाचा पाठपुरावा शाळेकडे आम्ही करतोय, पालकसभेत तुम्हीही तोंड उघडा.

एकूण, इनर आणि पँटीसाठी या दुकानात मी पुन्हा जाईन. जॅकेट चेन बदलून कशी येते त्यावर ठरवेन. दोन्ही एकदम परवडत नसेल तर आधी इनर घ्या आणि जुनंच जॅकेट वर चालवा, उलटं करू नका. पिशवीत एक कोरडा जादा शर्ट हवाच, तो घरातला कुठलाही चालतो. आणि संघासाठी शिवून घ्यायचं असेल तर मापं दिवाळीच्या सुट्टीआधी द्या. सुट्टी संपली की मास्तर स्नेहसंमेलनाच्या कपड्यांत बुडतात, आणि तुमचा ट्रॅकसूट हातात येतो तो महाशिवरात्रीला.