व्ही-क्रॉसला ऑल-टेरेन टायर: अकरा महिने, चौदा हजार किलोमीटर

मे 2024 मध्ये राजमाचीला जाताना तुंगार्लीच्या पुढे माझ्या व्ही-क्रॉसच्या, म्हणजे इसुझूच्या फोर-व्हील पिकअपच्या, मागच्या टायरची साइडवॉल कातळाच्या धारेवर चिरली. कंपनीतून आलेले हायवे टायर, अजून निम्मेही झिजले नव्हते. स्टेपनी लावून खाली उतरलो, तर पंक्चरवाल्याने चिरेवरून नुसतं बोट फिरवलं. "दादा, तळाला असतं तर प्लग मारला असता. बाजूला काही टिकत नाही." टायर भंगारात गेला.

म्हणून मी एटी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे ऑल-टेरेन टायर घेतले ते चिखलासाठी नाही, जाड साइडवॉलसाठी. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावरच आहे. आमच्या कॅम्पिंगमधले शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरावरच जातात. एमटी म्हणजे मड टायर त्यामुळे पहिल्याच दिवशी बाद झाले.

माप मूळचंच ठेवलं, 245/70 आर 16. मित्रमंडळी 265 घे म्हणून मागे लागली होती. गणित करून पाहिलं: व्यास 28 मिमीने वाढतो, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, 14 मिमी. वर स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा वेग आधीपेक्षा तीन-चार किलोमीटरने जास्त, आणि चाक पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासायची भीती. एवढ्यासाठी कोण उपद्व्याप करणार!

दुकानात दोनदा फसता फसता वाचलो. पहिला सेट स्वस्त होता, पण त्यावर लोड इंडेक्स 107, म्हणजे एका टायरला 975 किलो. माझ्या जुन्या टायरवर 111 होता, 1090 किलो. टपावरचा तंबू, पाण्याचे कॅन, शेगडी आणि चार माणसं घेऊन घाट चढायचा तर हा फरक सोडून चालत नाही. दुसऱ्या सेटवर 2121 असा शिक्का होता, 2021 च्या 21व्या आठवड्यातला माल. तीन वर्षं गोदामात पडलेलं रबर नव्याच्या भावात. "साहेब, वापरलेला नाहीये," हे त्यांचं उत्तर! परदेशी ब्रँडचं हवं ते माप लगेच मिळेलच असं नाही. जून 2020 पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत. शेवटी देशात बनलेलेच घेतले, तेही पाच, जवळपास 60 हजारांना. पाच अशासाठी की व्ही-क्रॉसच्या फोर-व्हीलमध्ये पुढचा-मागचा आस एकत्र बांधला जातो. एक चाक झिजलेलं आणि एक कोरं असेल तर ताण गिअरवर येतो. स्टेपनीही फिरवाफिरवीत धरली आहे.

आता रस्ता. जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो, तिथून पुढे रतनवाडी, साम्रद. खडी, ओला मुरूम, ओढ्यातले गोटे, कुठेच अडलो नाही. खराब भागात हवा 33 वरून 24 वर आणतो, गाडी लगेच मऊ होते. परत डांबरावर येताना बारा व्होल्टच्या पंपाने चार चाकं भरायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, तेवढ्यात चहा होतो.

जुलैत ताम्हिणीत मात्र कान टोचले गेले. मुसळधार पाऊस, पुढे दुधाचा टेम्पो, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी माझ्या अंदाजापेक्षा पुढे जाऊन थांबली. ओल्या डांबरावर हायवे टायर चांगले होते, यात मला शंका नाही. तेव्हापासून घाटात अंतर जास्त ठेवतो.

काळी माती हा तर वेगळाच विषय. मार्चमध्ये भिगवणला रोहित पक्षी बघायला गेलो आणि अवकाळीने गाठलं. उजनीच्या काठावर दहा मिनिटांत नक्षीतल्या सगळ्या फटी भरल्या आणि चाकांचे लाडू झाले. फोर-व्हील असून ट्रॅक्टर बोलवावा लागला. ट्रॅक्टरवाला हसला नाही, ही त्याची सभ्यता.

बाकी किरकोळ. ऐंशीच्या पुढे घूंऽ असा आवाज येतो, गाणी लावली की विसरतो. मायलेज साडेबारावरून सव्वाअकरावर आलं. नक्षीची खोली 11 मिमी होती, आता 9 आहे. साइडवॉलवर राजमाचीच्याच रस्त्याने दोन ओरखडे दिलेत, आतपर्यंत गेलेले नाहीत.

फक्त पवना धरणाकाठी तंबू टाकणार असाल तर हे टायर घेऊ नका, तिथे दारापर्यंत डांबर आहे. माझ्या गाडीत टोचणी कायमची आली आहे. प्रत्येक सहलीनंतर फटींतले खडे उकरायचं काम धाकट्याचं, एका खड्याला एक रुपया. भंडारदऱ्याहून परतल्यावर त्याने सत्तेचाळीस रुपये वसूल केले.