ओटीपोटातून मूत्राशयात घातलेली लघवीची नळी काढल्यावर: भोक आपोआप बुजू द्यायचं की टाके घालायचे?

पुण्यात युरॉलॉजीच्या (मूत्रविकारांच्या) ओपीडीबाहेर बाकावर हा प्रश्न हमखास निघतो. नळी थोडेच आठवडे होती आणि खालून लघवी मोकळी होतेय, तर भोक सहसा काही दिवसांत आपलं आपण बुजतं. गॉज ओलं झालं की बदलायचं, बस्स.

नळी बराच काळ राहिली असेल तर त्या वाटेला आतून अस्तर धरतं आणि कधीकधी ती मिटत नाही. मग ऑपरेशन: वाट कापून काढतात, मूत्राशय विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात, वर साधारण ७ ते १४ दिवस मूत्रमार्गातून कॅथेटर (लघवीची नळी). खरी कटकट हीच. पिशवी सांभाळत लक्ष्मी रोडच्या गर्दीत कोण जाणार?

पण खालचा अडथळा, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असो वा स्ट्रिक्चर (अरुंद झालेला मूत्रमार्ग), आधी दूर व्हायला हवा. नाहीतर टाके घालूनही गळती सुरूच राहू शकते.