उलरिश म्यूहे की ग्योट्स गेओर्गे : आधी कोणाला बघायचं?

जर्मन शिकताना बी-वन लेव्हलपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, पोचलं की सगळे हेच विचारतात, आता पिक्चर आणि सिरीज बघायच्यात पण सुरुवात कुणापासून करू. माझ्याकडे दोनच नावं असतात, उलरिश म्यूहे आणि ग्योट्स गेओर्गे. दोघांनी सिनेमाही केला आणि टीव्हीही, दोघंही आज हयात नाहीत, पण एक पूर्व जर्मनीत घडला आणि दुसरा पश्चिमेत, आणि तो फरक त्यांच्या कामात इतका मुरलाय की ज्याच्यापासून सुरू कराल तशी जर्मनी तुम्हाला दिसेल.

गेओर्गे वयाने मोठा, जन्म १९३८ चा, बर्लिनचा. घरच नटांचं. आई बेर्टा ड्रेव्स अभिनेत्री, वडील हाइनरिश गेओर्गे नाझी काळातले प्रचंड मोठे स्टार, युद्ध संपल्यावर सोव्हिएत लोकांनी त्यांना पकडलं आणि १९४६ ला झाक्सनहाउझेनच्या कॅम्पमध्येच ते गेले, तेव्हा हा आठ वर्षांचा. असल्या बापाचं नाव घेऊन त्याच धंद्यात उभं राहायचं म्हणजे काय असेल विचार करा. २०१३ मध्ये, पंचाहत्तरीत, त्याने एका फिल्ममध्ये वडिलांचीच भूमिका केली.

पण घराघरात पोचला तो शिमान्स्की म्हणून. १९८१ मध्ये 'टाटओर्ट' या क्राइम सिरीजमध्ये डुइसबुर्ग शहराचा हा इन्स्पेक्टर आला. पहिल्याच भागाची सुरुवात बघा, सकाळची वेळ, खोलीभर पसारा, धुतलेलं भांडं एकही नाही, तर हा दोन अंडी ग्लासात फोडतो आणि कच्चीच गटकन गिळतो. मग ते मळकट जॅकेट चढवून बाहेर, आणि बाहेर बंदर, कारखाने, धुराडी. शिव्या देतो, हाणामारी करतो, घटाघट दारू पितो. टीव्हीवरच्या पोलिसाने असं वागायचं म्हणून लोकांनी आधी बोंबाबोंब केली आणि मग त्याच्यावर जीव टाकला. १९९१ पर्यंत २९ भाग झाले, मग १९९७ पासून त्याच्या नावाची वेगळी सिरीज २०१३ पर्यंत चालली, आणि आज डुइसबुर्गमध्ये एक गल्लीच आहे शिमान्स्कीच्या नावाची.

म्यूहेचं सगळं उलटं. १९५३ चा जन्म, पूर्व जर्मनीतल्या झाक्सनी प्रांतातल्या ग्रिमा गावचा, वडील फरचे कपडे शिवायचे, हा आधी बांधकामाचं काम शिकला, मग सैन्यात असताना बर्लिनच्या भिंतीवर पहाऱ्याला. तिथे पोटात अल्सर झाले. नंतर लाइपझिगला नाट्यशिक्षण, मग पूर्व बर्लिनचं डॉयचेस थिएटर. ४ नोव्हेंबर १९८९ ला पूर्व बर्लिनच्या आलेक्झांडरप्लाट्झ चौकात सरकारविरुद्ध जी अफाट सभा झाली तिथे तो स्टेजवरून बोलला, पाच दिवसांनी भिंत पडली. म्हणून २००६ च्या 'दास लेबेन देर आंडेरेन'मध्ये, म्हणजे दुसऱ्यांचं आयुष्य, तो श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, कॅप्टन वीझलर झाला तेव्हा तो काळ त्याला वाचून समजून घ्यावा लागला नाही, तो त्यात राहिलेला होता.

त्यातला लिफ्टचा सीन सांगतोच. बॉल घेतलेला छोटा पोरगा आत येतो आणि विचारतो, तुम्ही खरंच श्टाझीत आहात का, बाबा म्हणतात ती वाईट माणसं असतात. वीझलर सवयीने विचारायला लागतो, काय नाव तुझ्या... आणि थांबतो. बाबांचं नाव विचारणार होता. मग म्हणतो, तुझ्या बॉलचं. चेहऱ्यावरची रेष हलत नाही पण माणूस आतून बदललेला तुम्हाला दिसतो. मी किती वेळा बघितलाय हा सीन, दर वेळी गलबलतं. फेब्रुवारी २००७ मध्ये फिल्मला ऑस्कर मिळालं आणि त्याच जुलैमध्ये पोटाच्या कॅन्सरने तो गेला, ५४ व्या वर्षी. टीव्हीवर 'देर लेट्झ्टे झॉयगं'मध्ये १९९८ ते २००७ फॉरेन्सिक डॉक्टर होता, ती सिरीज बरी आहे, पण घाई नाही.

आता भाषेचं. म्यूहे हळू आणि स्वच्छ बोलतो, बी-वनवाल्याला निम्म्याहून जास्त कळतं. शिमान्स्की भरभर, तोंडातल्या तोंडात, डुइसबुर्गच्या आसपासच्या रुअर या कामगार भागातली बोली मिसळून बोलतो, नुसत्या पुस्तकी जर्मनवर पहिले दोन-तीन भाग काही हाती लागत नाही, पण रस्त्यावरची जर्मन शिकायची असेल तर तिथेच शिकाल.

माझं मत विचाराल तर एकच रात्र मोकळी असेल तर म्यूहे, डोळे झाकून. पूर्ण हिवाळा हाताशी असेल तर शिमान्स्की. आणि ठरतच नसेल तर १९९२ चा 'श्टोंक' लावा, हिटलरच्या खोट्या डायऱ्यांच्या प्रकरणावरचा, त्यात दोघंही आहेत, गेओर्गे त्या डायऱ्यांमागे वेडा झालेला रिपोर्टर आणि म्यूहे मासिकाच्या कंपनीतला साहेब.

फक्त गेओर्गे म्हणजे नुसती धडाधड असं समजून सोडून देऊ नका. १९९५ चा 'देर टोटमाखर' आहे, १९२० च्या दशकात हानोफरमध्ये पोरांचे खून करणाऱ्या फ्रिट्झ हारमानची चौकशी, संवाद खऱ्या जबान्यांमधले, जवळपास सगळी फिल्म एका खोलीत, पळापळ नाही, मारामारी नाही, टेबलापलीकडे बसलेला हा धिप्पाड माणूस नुसता बोलतो. व्हेनिसला बेस्ट अ‍ॅक्टर मिळालं होतं त्याला. सबटायटल लावून बघा, आणि जेवताना लावू नका.